पनवेलच्या हवेतला न मोजलेला तंतू

मे महिन्याचे शेवटचे पंधरा दिवस म्हणजे पनवेल तालुक्यात आगोटीची, पावसाळ्याआधीच्या तयारीची, लगबग. लाकूडफाटा, मसाला, सुकी मासळी घरात भरली जाते आणि गावठाणांत, चाळींत, गोठ्यांवर छपरांची दुरुस्ती निघते. तडा गेलेला पत्रा उतरवायचा, नवा चढवायचा, पन्हळीच्या उंचवट्यावर भोक पाडून हुक आणि वायसर बसवायचे, शेवाळलेल्या पत्र्यावर तारेचा ब्रश मारून वर डांबर किंवा वॉटरप्रूफिंगचा हात द्यायचा. पत्रा लांबीला जास्त झाला, तर ग्राइंडर लावून कापायचा. दोन-तीन मिनिटांत काम होतं. करडी-पांढरी पूड कारागिराच्या भुवयांवर, मानेवर, शर्टाच्या खिशात बसते. दुपारी तो शर्ट झटकतो, जेवतो आणि संध्याकाळी त्याच कपड्यांत घरी जातो. घरी ते कपडे दुसरं कुणीतरी धुतं.

हा सिमेंटचा पत्रा. त्यातल्या सिमेंटला धरून ठेवण्यासाठी साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेर क्रायसोटाइल, म्हणजे पांढरं ॲस्बेस्टॉस मिसळलेलं असतं. ॲस्बेस्टॉस नसलेले फायबर-सिमेंटचे पत्रेही आता बाजारात मिळतात, पण छपरावर चढलेला जुना पत्रा नुसत्या नजरेने वेगळा ओळखता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांना माणसात कर्करोग घडवणारे पदार्थ मानते. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा आणि फुप्फुस हळूहळू आकसून टाकणारा ॲस्बेस्टॉसिस, हे त्याचे मुख्य आजार. तंतू आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत बहुधा वीस ते पन्नास वर्षं जातात. कामाच्या जागी झालेल्या ॲस्बेस्टॉसच्या संपर्कामुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

मग ग्राइंडर चालला त्या दोन-तीन मिनिटांत त्या कारागिराच्या छातीत किती तंतू गेले? धोक्याबद्दलची सगळी चर्चा या एका प्रश्नावर उभी आहे आणि त्याचं उत्तर मोजल्याशिवाय मिळत नाही.

पनवेलला हवा मोजण्याचा विषय नवा नाही. तळोजा औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा लोखंड बाजार, महामार्गांवरची अवजड वाहतूक आणि बारमाही बांधकामं यांच्या मधोमध राहणारी ही वस्ती वर्षानुवर्षं वासाच्या आणि धुराच्या तक्रारी करत आली आहे. जानेवारी २०२१मध्ये वातावरण फाउंडेशनने खारघरमध्ये फुप्फुसांची पांढरी प्रतिकृती उभी केली. ती थोड्याच दिवसांत काळवंडली आणि खारघरच्या हवेची चर्चा राज्यभर झाली. पण काजळी दिसते, तंतू दिसत नाही. देशाच्या २००९च्या हवा गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषकं आहेत. सूक्ष्म धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, ओझोन, शिसं, बेन्झीन त्यांत आहेत, ॲस्बेस्टॉस नाही. त्यामुळे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नेहमीच्या नोंदींत तंतूंचा रकाना येतच नाही.

धूलिकणांच्या आकड्यावरून तंतूंचा अंदाज बांधता येईल, असं कुणाला वाटेल. तसं होत नाही, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे. पाच मायक्रॉन लांब आणि ०.३ मायक्रॉन जाड अशा क्रायसोटाइलच्या तंतूचं वजन एका ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही थोडं कमी भरतं. एका घनमीटर हवेत असे दहा लाख तंतू असले, तरी त्यांचं एकूण वजन जेमतेम १ मायक्रोग्रॅम होतं. पीएम २.५ची चोवीस तासांची मर्यादा आहे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. म्हणजे कारखान्यालाही लाज वाटावी इतके तंतू हवेत आले, तरी धुळीच्या यंत्राचा आकडा एकानेच वाढेल, आणि एवढा फरक तर समोरून ट्रक गेला तरी पडतो. धूळ वजनाने मोजतात. ॲस्बेस्टॉस नग मोजूनच कळतं.

हे नग मोजायची पद्धत जगभर जवळपास एकसारखी आहे. तिला मेम्ब्रेन फिल्टर पद्धत म्हणतात आणि तिच्यासाठी भारतीय मानकही आहे. कामगाराच्या कमरेला लहानसा पंप बांधतात. त्याची नळी खांद्यावरून पुढे येते आणि कॉलरपाशी, नाकातोंडाच्या जवळ, काळ्या प्लास्टिकची एक डबी तोंड खाली करून लावतात. डबीत २५ मिलिमीटर व्यासाचा, सेल्युलोज एस्टरचा पांढरा फिल्टर असतो. पंप ठरावीक वेगाने हवा ओढत राहतो आणि कामगार आपलं काम करतो. शिफ्ट संपली की डबी प्रयोगशाळेत जाते. फिल्टरची पाचर कापून काचपट्टीवर ठेवतात आणि तिला ॲसिटोनची वाफ देतात. पांढरा फिल्टर बघता बघता काचेसारखा पारदर्शक होतो. मग फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे चारशेपट मोठं करून डोळ्यांनी मोजणी सुरू होते. भिंगात १०० मायक्रॉन व्यासाचं एक वर्तुळ कोरलेलं असतं. त्या वर्तुळात दिसणारा, पाच मायक्रॉनपेक्षा लांब, तीन मायक्रॉनपेक्षा बारीक आणि जाडीच्या किमान तिप्पट लांब असा प्रत्येक तंतू मोजायचा. एक टोक वर्तुळाबाहेर गेलं असेल, तर अर्धा धरायचा. शंभर तंतू भरेपर्यंत किंवा शंभर वर्तुळं होईपर्यंत हे चालतं. एकाच काचपट्टीवर दोन माणसांची मोजणी सहसा तंतोतंत जुळत नाही. म्हणूनच चांगल्या प्रयोगशाळा काचपट्ट्या एकमेकींकडे पाठवून आपली मोजणी तपासून घेतात.

या पद्धतीच्या मर्यादा मोठ्या आहेत. पाव मायक्रॉनपेक्षा बारीक तंतू या सूक्ष्मदर्शकाला दिसतच नाही, आणि क्रायसोटाइलचे बरेच तंतू त्याहून बारीक असतात. शिवाय दिसलेला तंतू ॲस्बेस्टॉसचा, काचेच्या लोकरीचा की कापडाचा, हेही तो सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो महाग पडतो. तिसरी अडचण हवेच्या घनफळाची. मिनिटाला दोन लिटर हवा आठ तास ओढली, तर ९६० लिटर हवा फिल्टरमधून जाते. तेवढ्या हवेत घनसेंटीमीटरला साधारण ०.००३ तंतू, यापेक्षा खालचं प्रमाण साध्या पद्धतीने खात्रीने पकडता येत नाही. वस्तीच्या हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने धोक्याचं गणित मांडलं, ते मात्र ०.०००५ तंतूंवर. तेवढ्या हवेत आयुष्यभर राहिलं, तर मेसोथेलिओमाचा वाढीव धोका लाखात एक ते दहा हजारांत एक, असा तो अंदाज होता. सुरक्षित अशी कोणतीही पातळी संघटनेने सांगितलेली नाही. तेव्हा शिफ्टभराच्या नमुन्यावरून ‘तंतू आढळले नाहीत’ असा अहवाल आला, तर त्याचा अर्थ यंत्राच्या पकडीत आले नाहीत, इतकाच घ्यायचा.

मोजणीच्या या शास्त्राचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. इंग्लंडच्या रॉचडेल गावात टर्नर ब्रदर्सचा ॲस्बेस्टॉस कापडाचा कारखाना होता. पुढे त्यातूनच टर्नर ॲण्ड न्यूऑल ही बलाढ्य कंपनी उभी राहिली. १९३०मध्ये डॉ. मेरेवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात ३६३ कामगारांपैकी ९५ जणांच्या फुप्फुसांत तंतुमयता सापडली होती. लगेच पुढच्या वर्षी तिथे ॲस्बेस्टॉस उद्योगासाठी कायदेशीर नियम झाले. याच टर्नर ॲण्ड न्यूऑलचे हितसंबंध त्याच काळात आपल्याकडे मुलुंडच्या सिमेंट पत्र्यांच्या कारखान्यात आणि नंतर घाटकोपरच्या हिंदुस्थान फेरोडोत होते. ब्रेकची लायनिंग तिथे बनत असे. रायगड-रत्नागिरीकडून मुंबईला गेलेल्या माणसांच्या पिढ्यांनी ज्या कारखान्यांत घाम गाळला, त्यांतले हेही. मायदेशात कायदा आला, पण तो कायदा बोटीत बसून भांडवलाबरोबर इकडे आला नाही.

घनसेंटीमीटरला २ तंतू हे १९६८चं ब्रिटिश मानकही रॉचडेलच्याच २९० कामगारांच्या नोंदींवरून ठरलं होतं. पन्नास वर्षं काम केलं, तरी शंभरात एकालाच आजाराची सुरुवातीची लक्षणं दिसतील, असा त्यामागचा हिशेब. पुढे त्याच कारखान्याच्या कामगारांचा पाठपुरावा झाला आणि हिशेब फार आशावादी ठरला. तेव्हापासून जगभर मर्यादा उतरतच गेल्या. अमेरिकेत १९७०च्या दशकात २, १९८६मध्ये ०.२ आणि १९९४मध्ये ०.१. युरोपीय संघाने २०२३मध्ये ०.०१ ठरवली. भारतात कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टाने क्रायसोटाइलसाठी मर्यादा ठरवली ती १.

या आकड्यांमागे माणसं किती? अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने मर्यादा ठरवताना अंदाज दिले होते. पंचेचाळीस वर्षं २ तंतूंच्या हवेत काम केलं, तर हजारात ६४ जणांना कर्करोगाने जादा मृत्यू, ०.२ला हजारात ६.७, ०.१ला ३.४. प्रमाण सरळ उतरत जातं. याच रेषेवर आपल्या १ तंतूच्या मर्यादेचा हिशेब हजारात तीसच्या वर जातो. कायद्याने मान्य केलेल्या हवेत काम करून हजारातले तीस जण जाणार असतील, तर ती मर्यादा सुरक्षिततेची म्हणता येणार नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसपेक्षा क्रायसोटाइल कमी घातक, असं मानणारे संशोधक आहेत. हॉजसन आणि डार्नटन यांनी २०००मध्ये मेसोथेलिओमाच्या धोक्याचं प्रमाण क्रायसोटाइल १, तपकिरी १०० आणि निळं ५०० असं मांडलं. उद्योग याच आकड्यांचा आधार घेतो. पण कमी घातक म्हणजे निर्धोक नव्हे, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत हे अंतर पुष्कळ कमी होतं.

आता पुन्हा त्या ग्राइंडरकडे यायला हवं. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेच्या मार्गदर्शिकेत सिमेंट पत्र्यावरच्या कामांचे आकडे आहेत. फिरत्या चकतीने कोरडा पत्रा कापला, तर कापणाऱ्याभोवती घनसेंटीमीटरला १५ ते २५ तंतू. हाताच्या करवतीने कापला, तर १पर्यंत. हुक सोडवून पत्रा अखंड उतरवला, तर त्याहूनही कमी. एकच पत्रा, एकच माणूस आणि निव्वळ हत्यार बदलल्याने पंधरा-वीस पटींचा फरक. इतका मोठा फायदा इतक्या स्वस्तात मिळण्याची उदाहरणं औद्योगिक आरोग्यात थोडीच असतील.

समजा, कारागिराने दिवसात सलग पंधरा मिनिटं ग्राइंडर चालवला, हवेत २० तंतू होते आणि उरलेला दिवस स्वच्छ हवेत गेला. आठ तासांची सरासरी काढली, तर ती ०.६ भरते. भारतीय मर्यादेत बसली. अमेरिकेच्या मर्यादेच्या सहापट झाली. तिथे अर्ध्या तासाच्या सरासरीसाठीही १ तंतूची वेगळी मर्यादा आहे. त्या हिशेबाने हा कारागीर दसपट वर गेला. आपल्याकडे दिवसभराच्या सरासरीवर भागवलं, तर छपरावरची सगळ्यात वाईट पंधरा मिनिटं कागदावर विरघळून जातात.

वर्षानुवर्षांचा साठा मोजण्यासाठी तज्ज्ञ ‘तंतू-वर्षं’ असा हिशेब ठेवतात: हवेतलं प्रमाण गुणिले कामाची वर्षं. १९९७च्या हेलसिंकी निकषांनुसार असा साठा २५वर गेला, की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दुप्पट धरतात. वरच्या कारागिराने वर्षाला साठ दिवस हे काम केलं असं मानलं, तर वीस वर्षांत त्याचा साठा ३च्या आसपास जाईल. म्हणजे निकषापासून तो बराच खाली राहतो. पण मेसोथेलिओमा एवढ्या साठ्यावरही होऊ शकतो, आणि हा हिशेब फक्त एका माणसाच्या कॉलरजवळचा आहे. ब्रश मारणारा, पूड झाडणारी, तुकडे उचलणारा भंगारवाला यांचे साठे वेगवेगळे, आणि ते कुठेही लिहिलेले नाहीत.

इथे घाबरवण्याचा हेतू नाही. डोक्यावर धड, न फुटलेला पत्रा असलेल्या घरात बसल्याने लगेच काही होत नाही. तंतू सिमेंटमध्ये घट्ट अडकलेले असतात आणि अशा घरातल्या हवेतलं प्रमाण कामाच्या जागेपेक्षा फार कमी असतं. जुन्या पत्र्याचा वरचा थर मात्र ऊन-पावसाने झिजतो आणि तंतू उघडे पडतात. मग पत्रा फुटणं, तुटणं, घासला जाणं महत्त्वाचं ठरतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा जिल्ह्यात हजारो घरांची छपरं उडाली. पत्र्यांचा तुटवडा पडला, नवे पत्रे मिळवण्यासाठी लोकांची धावपळ झाली. त्या धांदलीत फुटलेल्या पत्र्यांच्या तुकड्यांकडे कोण बघणार? असे तुकडे आपल्याकडे वाटेच्या खड्ड्यात, बांधावर, अंगणाच्या भरावात जातात. वर चाक फिरलं, की त्यांची पुन्हा पूड होते.

पनवेलला तर वादळाचीही वाट पाहावी लागत नाही. नवी मुंबई विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, उलवे अशी गावं उठली, घरं पाडली गेली. महापालिका २०१६मध्ये झाली आणि जुन्या चाळी, शेड, गोदामं पाडून इमारती उभ्या राहण्याचा वेग वाढतच गेला. जुनं छप्पर पाडताना पत्रे आधी अखंड उतरवायचे की जेसीबीच्या दातांखाली घालायचे, एवढ्या एका निर्णयावर त्या दिवसाची हवा ठरते. कारखान्यातलं टाकाऊ ॲस्बेस्टॉस घातक कचऱ्याच्या नियमांत येतं आणि अशा कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारा प्रकल्प पनवेल तालुक्यातच, तळोज्यात आहे. गावातल्या घराचा पत्रा मात्र बांधकामाच्या राडारोड्यात मिसळून डंपरमध्ये पडतो.

मोजायचं कधी, याचा धडा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००४मध्ये कॅलिफोर्नियातल्या एल डोराडो हिल्सला घालून दिला. तिथल्या मातीत नैसर्गिक ॲस्बेस्टॉस होतं. हवेचा नमुना मैदान रिकामं असताना न घेता माणसांना मैदानात खेळायला लावून घेतला. धूळ उडाली तशी तंतूंची संख्याही चढली. पनवेलला हाच न्याय लावायचा, तर पंप रविवारी शांत चौकात लावून भागणार नाही. चाळ पडत असताना, पत्रा कापला जात असताना, भंगाराच्या गाड्यावर तुकडे आदळत असताना तो माणसाच्या अंगावर हवा.

ही मोजणी कागदावर ऐच्छिकही नाही. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल दिला. कामगाराचा आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात म्हटलं. सर्व ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी मेम्ब्रेन फिल्टर चाचणी करावी. प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद, तो कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यापासून पंधरा वर्षं, यांपैकी जे उशिरा येईल तोवर जपावी. आजार सिद्ध झाल्यास एक लाख रुपये भरपाई द्यावी. चाळीस वर्षं नोंद ठेवा, असं सांगणारं न्यायालय आजाराची चाल ओळखून होतं. पण हे आदेश कारखान्याच्या फाटकाआत लागू पडतात. छपरावरच्या कारागिराला ना हजेरीपत्रक, ना राज्य कामगार विमा योजनेचं कार्ड.

आणि जिथे हजेरीपत्रक होतं, तिथे तरी काय झालं? मुंबईच्या व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा केंद्राचे डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातले १८१ कामगार तपासले. पाचांतल्या एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांनी स्पष्ट लिहिलं, की देशात सुमारे एक लाख कामगार ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात असताना भरपाई मिळालेले तीसही नाहीत. आजाराचं निदान क्षय किंवा जुनाट खोकला म्हणून होतं, हेही त्यांनी नोंदवलं. मराठी मुलखात दम लागलेल्या कामगाराला आधी टीबीच्या गोळ्या मिळतात, हे कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या रांगेत समजतं. पनवेल महापालिकेच्या हद्दीतच, खारघरला, टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. तिथे येणाऱ्या रुग्णाला ‘तीस वर्षांपूर्वी काय काम करत होता?’ असं विचारलं, तर उत्तर आठवणीतून मिळेल. मोजमाप कुठून मिळणार?

साधनं दूर नाहीत. शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. पनवेल महापालिकेने आणि सिडकोने या संस्थांना हाताशी धरून येत्या आगोटीत छपरांच्या आणि पाडकामाच्या मोजक्या ठिकाणी, काम चालू असताना, कामगारांच्या कॉलरवर नमुने घ्यावेत. सरासरी तर काढावीच, पण कापण्याच्या पंधरा मिनिटांचा आकडा वेगळा लिहावा. पाडकामाची परवानगी देताना जुने पत्रे ओले करून अखंड उतरवण्याची आणि ते तळोज्याला पाठवण्याची अट घालावी. आणि प्रत्येक कामगाराच्या नावाची नोंद चाळीस वर्षं टिकेल अशा ठिकाणी ठेवावी, कारण २०६०च्या आसपास कुणाला तरी ती लागणार आहे.

वाचकांसाठी एवढंच. या मे महिन्यात घराचा, गोठ्याचा, सोसायटीच्या शेडचा पत्रा बदलायचा असेल, तर ग्राइंडर लावू देऊ नका. पत्रा पाण्याने पुरता भिजवा, हुक सोडवून अखंड उतरवा, कोरडा ब्रश मारू नका, पूड झाडू नका, तुकडे भरावात टाकू नका. कारागिराला चांगला मास्क द्या. नाकावर बांधलेल्या रुमालातून हे तंतू सहज पार होतात. आणि त्याचे कामाचे कपडे त्याच्या घरी न जाता तिथेच धुतले जातील, एवढी सोय करा.